माशाची नाडी

जळगावात माणूस आजारी पडला तर डॉक्टरांना तोटा नाही. रिंग रोडवरून एक चक्कर मारा, शरीराच्या एकेका अवयवाला स्वतंत्र डॉक्टर आणि त्याची स्वतंत्र पाटी दिसेल. गाय-बैल आजारी पडला तर सरकारी दवाखाना आहे. कुत्र्यांचे तर हल्ली माणसांपेक्षा जास्त लाड होतात. पण मासा आजारी पडला तर कुठे जायचं, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मीही कुणाला विचारलं नव्हतं.

विचारायची वेळ आली ती नातवामुळे. चिरंजीव पुण्याहून दिवाळीला आले, त्यांच्यासोबत आठ वर्षांचा नातू आला, आणि नातवाने हट्ट धरून काचेची पेटी आणि तीन गोल्डफिश घरात आणले. सोन्या, मोन्या आणि पोट मोठं म्हणून भोपळ्या अशी त्यांची नावंही ठेवली. भाऊबीज झाली, मंडळी पुण्याला परत गेली आणि पेटी आमच्याकडे राहिली. आजोबा लोकांना मिळणाऱ्या ठेवी साधारण अशाच असतात. रोज संध्याकाळी मोबाइलवर नातवाचा चेहरा उगवायचा. "आजोबा, कसे आहात?" हा प्रश्न नसायचाच. "आजोबा, भोपळ्याला दाखवा!"

पहिला बळी आमच्या स्वच्छतेने घेतला. पाणी जरा गढूळ दिसलं म्हणून मी आणि हिने रविवारचा मुहूर्त धरून पेटी रिकामी केली, वाळू उकळत्या पाण्याने धुतली, काच राखेने घासली आणि नळाचं थंडगार पाणी भरून मासे आत सोडले. पेटी लखलखीत झाली आणि तिसऱ्या दिवशी मोन्या आटोपला. पुढे कळलं ते असं : माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो त्याला विषासारखा असतो. वाळूत आणि फिल्टरमध्ये मुक्काम करून राहणारे सूक्ष्म जंतू त्या विषाचा निकाल लावत असतात. त्या बिचाऱ्या सफाई कामगारांनाच आम्ही उकळून काढलं होतं. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन! पाणी बदलायचं ते एका वेळी चौथा हिस्सा, तेही बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग, हे ज्ञान मोन्याच्या जिवावर मिळालं. नातवाला आम्ही सांगितलं, "मोन्या मामाकडे गेलाय." तो म्हणाला, "माशाला मामा नसतो." मी विषय बदलला.

जानेवारीत थंडीने कहर केला. खानदेशाचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पण थंडीही काही कमी नाही, पहाटे पारा दहाच्या खाली जातो. एका सकाळी पाहतो तर भोपळ्याच्या अंगावर साखरेचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके! तो वाळूवर अंग घासत होता. ही म्हणाली, "अहो, याला कांजिण्या आल्या." मी ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी फार आपुलकीने चौकशी केली आणि मग म्हणाले, "काका, मी पेशंटचे पाय बांधून सुई देणारा माणूस. याचे काय बांधू?"

मग उरले धुळ्याचे नाना. नाना म्हणजे आमचे मेव्हणे. एस.टी.तून निवृत्त झालेले, देवपुरात राहतात, आणि गेली चाळीस वर्षं मासे पाळतात. मोबाइलवर भोपळ्याचा फोटो घेतला आणि एरंडोल-पारोळा मार्गाने धुळ्याच्या गाडीत बसलो. नव्वद किलोमीटर एका माशासाठी! शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "धुळ्याला काय, पेशंट बघायला?" मी हो म्हटलं. कोण, ते सांगितलं नाही.

नानांनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "दाजी, मासा जित्ता शे ना? मंग घाबरू नका." आणि त्यांनी रोगाची कुंडली मांडली. दिसणारा एकेक पांढरा ठिपका म्हणजे कातडीखाली दडून बसलेला एक परजीवी जीव. तो तिथे खाऊन-पिऊन माजतो, मग गळून तळाला पडतो, तिथे एका कोषात त्याचे शेकडो तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवा मासा शोधत पाण्यात पोहत निघतो. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर तो मरतो. गंमत अशी की औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. कातडीखालच्यांना आणि कोषातल्यांना काही होत नाही. "म्हणून ठिपके गेले की औषध बंद करायचं नाही," नाना म्हणाले, "अर्धी माणसं तिथेच फसतात." पाणी गरम केलं की या किड्याचं सगळं चक्र घाईने फिरतं आणि तो लवकर औषधाच्या तावडीत येतो. तेव्हा हीटर लावून हळूहळू, तासाला एखादा अंश, तीस अंशांपर्यंत न्यायचं. लिटरला एक ते तीन ग्रॅम मीठ, हळूहळू विरघळवून. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढून ठेवायचा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. आणि हवेचा पंप अखंड, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

एवढं सांगून होईतो वहिनींनी ताटं वाढली. ताटात रोहूचा रस्सा! मी एक घास घेतला आणि नाना म्हणाले, "काय योग आहे पहा. रोहू आणि तुमचा गोल्डफिश एकाच घराण्यातले, दोघे कार्पच." माझा हात थांबला. खिशात एका भावाचा आजारपणातला फोटो, ताटात दुसरा भाऊ तिखट-मिठासकट. आता खोटं कशाला बोलू? क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. वहिनींचा रस्सा उत्तम होता. पण परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत तो प्रश्न माझ्या शेजारी बसून होता : एकाच कुळातल्या दोन जिवांपैकी एकासाठी एस.टी.चं तिकीट काढायचं आणि दुसऱ्यासाठी लिंबू कापायचं, हे कोणत्या नीतिशास्त्रात बसतं?

घरी उपचार सुरू झाले. दुसऱ्याच रात्री वीज गेली. पंप बंद! मग मी तांब्या घेऊन पेटीतलं पाणी काढायचं आणि उंचावरून पेटीतच ओतायचं असं सुरू केलं, म्हणजे हवा मिसळत राहील. मेणबत्तीच्या उजेडात तासभर हा अभिषेक चालला. शेजारचे शेठजी दारात येऊन पाहत उभे राहिले. ते जैन, सूर्यास्तानंतर न जेवणारे. मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "भाऊ, एक विचारू? या एका माशासाठी त्या औषधाने किती जीव जात असतील?"

मी तांब्या खाली ठेवला. शेकडोंनी गुणाकार करत जाणाऱ्या त्या किड्यांचा हिशेब माझ्या मनातही आला नव्हता. त्यांनाही जगायचंच होतं, माझ्या भोपळ्याचा त्यांना व्यक्तिशः राग नव्हता. मी म्हटलं, "शेठजी, ते मला दिसत नाहीत, हा दिसतो." शेठजी म्हणाले, "हे खरं बोललात." आणि दुसरा तांब्या घेऊन ते माझ्यासोबत पाणी ओतू लागले.

भोपळ्या बरा झाला. मेहरूण तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळात मी ही यशोगाथा सांगितली, तेव्हा एका निवृत्त बँक मॅनेजरांनी तिथल्या तिथे ताळेबंद काढला. मासा पन्नास रुपयांचा. हीटर, औषध, एस.टी. मिळून खर्च हजाराच्या घरात. "अहो, त्यात वीस नवे आले असते." हिशेब बिनचूक होता. पण मग मनात आलं, पेन्शनीत निघालेल्या माणसाची बाजारात काय किंमत असते? माझ्या मागच्या वर्षीच्या मोतीबिंदूचा खर्च या पद्धतीने तपासला असता तर डोळ्याऐवजी दुसरा म्हाताराच स्वस्त पडला असता.

विचार करता करता मला जे सुचलं ते साधं आहे. नदीतला मासा पाणी बिघडलं तर पुढे पोहत जातो, थंडी पडली तर खोल जातो. पेटीतला मासा कुठे जाणार? त्याचं पाणी मी ठरवतो, ऊन मी ठरवतो, उपास आणि मेजवानीही मीच ठरवतो. म्हणजे त्याचा आजार बराचसा माझा उद्योग असतो. ज्याच्या सुटकेच्या सगळ्या वाटा आपण बंद केल्या, त्याचं आजारपण आपल्या अंगावर येतं, मग तो पन्नास रुपयांचा असो की पाचाचा. रोहू माझ्या भरवशावर जगत नव्हता, असं मी स्वतःला समजावलं. हा युक्तिवाद वकिली आहे, हे मला कळतं. रोहूला विचारलं असतं तर त्याला तो पटला नसता.

कुणी म्हणेल, माशाला कुठे दुखतं? 2003 साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत झोंबणारं आम्ल टोचून पाहिलं. मासे खायचे थांबले आणि तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. काही शास्त्रज्ञ म्हणतात, आपल्यासारखा मेंदूचा वरचा थर माशाला नाही, तेव्हा त्याला आपल्यासारखी वेदना होत नाही. असेल. पण भोपळ्या वाळूवर अंग घासत होता ते मी पाहिलं होतं, आणि त्या वेळी मी त्याच्या मेंदूच्या थरांची चौकशी केली नव्हती.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. नातू सुट्टीला आला आणि चार दिवसांत भोपळ्या खरोखरच भोपळा झाला. पोट फुगलं, अंगावरचे खवले अननसासारखे उभे राहिले. नाना फोनवर गप्प झाले. मग म्हणाले, "दाजी, हा जलोदर. आतून मूत्रपिंड गेलेलं असतं, पाणी साठत जातं. खवले उभे राहिल्यावर यातून सहसा कुणी उठत नाही." तरी आम्ही वेगळ्या बादलीत ठेवलं, मीठ दिलं, औषध दिलं, आठवडा काढला. काही उपयोग झाला नाही. मग नानांनी हलक्या आवाजात दुसरा उपाय सांगितला. लवंगेचं तेल. थोडं पाण्यात घुसळून हळूहळू घातलं की मासा झोपतो, आणखी घातलं की उठत नाही.

लवंगेचं तेल आमच्या घरात होतं. माझ्या दाढेसाठी.

दोन दिवस बाटली टेबलावर होती. आमच्या जळगावात जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, तिथे मी पाहुण्यांना घेऊन अनेकदा गेलो आहे. त्यामुळे असेल, मला साबरमती आश्रमातलं वासरू आठवलं. 1928 साली ते असाध्य दुखण्याने तळमळत पडलं होतं, कूससुद्धा बदलता येत नव्हती. गांधीजींनी डॉक्टरला बोलावून सुई देऊन त्याला मुक्त केलं आणि लेख लिहून ते जाहीरही केलं. देशभरातून संतापाची पत्रं आली : अहिंसेच्या आश्रमात गोहत्या! गांधीजींचं म्हणणं असं, की स्वार्थ नसताना, दुसरा कोणताच इलाज उरलेला नसताना, त्या जिवाच्याच दुःखासाठी जे केलं ते हिंसा नव्हे. त्याच लेखात त्यांनी आश्रमाच्या पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांचाही प्रश्न काढला होता, आणि त्यांना मारणं ही मात्र हिंसाच, हेही कबूल केलं होतं. म्हणजे मारण्याची कृती एकच, प्रश्न एवढाच की दुःख कुणाचं संपवायचं आहे?

नातू बादलीजवळ बसला होता. मी त्याला समजावलं, "बाळ, भोपळ्या आता फार दमलाय." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तो दमलाय की तुम्ही?"

गांधीजींना आलेल्या पत्रांत इतका नेमका प्रश्न होता की नाही, ठाऊक नाही. मी प्रामाणिक उत्तर शोधलं आणि ते मिळालं : त्या दिवशी मी दमलो होतो. भोपळ्या अजून दाणा टाकला की वर येत होता. मी बाटली कपाटात ठेवली.

तिसऱ्या दिवशी तो कुशीवर पडला. दाण्याकडे पाहिना, कल्ले जेमतेम हलत होते. नातूच म्हणाला, "आता तो दमलाय, आजोबा." मग मी तेल घातलं. तो हळूहळू स्थिर झाला. लवंगेचा वास घरभर दरवळला. हीने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली की वास झोंबतोय. आम्ही त्याला जास्वंदीखाली पुरलं. शेठजी आले होते. काही बोलले नाहीत, जाताना नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. मामाकडे गेला, असं या वेळी कुणी कुणाला सांगितलं नाही.

मी बरोबर केलं का? अजून नक्की सांगता येत नाही. दोन दिवस उशीर केला असेन, किंवा एक दिवस घाई. सोन्या एकटाच फिरतो आहे, त्याचं पाणी मी चौथाईने बदलतो, आणि नानांकडे गेलो की रस्सा खातो, पण पहिला घास अजून जरा थांबतो.

परवा माझी दाढ ठणकली. हिने कपाटातून तीच बाटली काढली, कापसाचा बोळा दिला आणि हातात देताना म्हणाली, "अहो, थोडंच लावा."

नातू मोबाइलवर होता. तो ओरडला, "आजी, आधी विचार त्यांना, दमलेत का!"