कप आणि नियत
ईदच्या सकाळी पाहुण्यांसाठी रिकाम्या कपांचा ट्रे आणताना आमच्या चार वर्षांच्या मुलीच्या हातून सहा कप फुटले. आम्ही ओरडलो. आदल्या आठवड्यात तिने रागाने एक जुना कप आपटला, तेव्हा मात्र आम्ही हसलो होतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२च्या ग्रंथात मुलांना विचारलेला प्रश्न आहे : चुकून १५ कप फोडणारा अधिक दोषी, की चोरून मुरंबा काढताना एक फोडणारा? लहान मुले बहुधा १५ मोजतात. मोठी होताना नियत पाहू लागतात.

मग आमचे वय कोणते? नियतीच्या गोष्टी मुलांना सांगणारे आम्हीच फुटलेले कप मोजत होतो. नुकसान डोळ्यांना दिसते. नियत विचारावी लागते. आम्ही विचारले नव्हते. संध्याकाळी तिला जवळ घेऊन माफी मागितली.