परक्या सरकारचा रेडिओ

मार्च 1942 मध्ये लंडनहून बीबीसीचं मराठी प्रसारण सुरू झालं. तेव्हा तिच्या पौर्वात्य विभागात इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल नोकरीला होता. युद्धाचं साप्ताहिक बातमीपत्र तो इंग्रजीत लिहायचा आणि मग त्याचं मराठी व्हायचं. कोल्हापूरकडच्या वेणू चितळेही तिथेच काम करत. त्याच वर्षी 9 सप्टेंबरला, तेव्हा पश्चिम खानदेशात असलेल्या नंदुरबारला पोलिसांनी ‘चले जाव’च्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सवंगडी गेले. गोळी घालणारं राज्य ब्रिटिशांचं, आणि स्वातंत्र्यासाठी लढतोय असं मराठीत ऐकवणारंही तेच. खानदेशातल्या माणसाने ते कोणत्या तोंडाने खरं मानावं? ऑर्वेललाही हे उमगलं. 1943 मध्ये राजीनामा देताना त्याने लिहिलं, की सध्याच्या राजकीय स्थितीत हिंदुस्थानसाठी ब्रिटिश प्रचार करणं जवळजवळ व्यर्थ आहे. आपला वेळ आणि जनतेचा पैसा फुकट चालला आहे.

त्याचं निदान त्या घडीपुरतं अचूक होतं. बीबीसीवर आपल्याकडे विश्वास बसला तो इंग्रज गेल्यावर. मराठी सेवा 1958 मध्येच बंद पडली, पण हिंदी राहिली आणि खानदेशात हिंदी कळायला अडचण नव्हती. परराष्ट्र प्रसारणाचा खर्च तेव्हाही ब्रिटिश सरकारच्याच तिजोरीतून होत होता. फरक इतकाच, की त्या सरकारचा फौजदार आता आपल्या दारात उभा नव्हता.

पण अंतर हे एकच कारण धरलं तर मॉस्कोचं कोडं सुटत नाही. रेडिओ मॉस्कोही लांबचाच, तोही मराठीत बोलायचा. ‘सोव्हिएत देश’ नियतकालिकाचे गुळगुळीत कागद वह्यांना कव्हर म्हणून घालण्यात एक पिढी वाढली. आपुलकी होती, नाही असं नाही. तरी बातमीची खातरजमा करायला मॉस्को लावावं, असं सहसा कुणाच्या मनात येत नसे. 1956 मध्ये सुएझ कालव्यावरच्या हल्ल्यावरून खुद्द ब्रिटन पेटलं असताना विरोधी पक्षनेते गेटस्केल यांचं सरकारविरोधी भाषण बीबीसीने ऐकवलं. मॉस्कोकडून तशी अपेक्षाच नव्हती. पैसा दोन्हीकडे सरकारी. पैसे देणाऱ्याविरुद्ध बोलायची मुभा एकाकडेच, आणि तीही पुष्कळदा भांडून मिळवलेली.

आपल्या सरकारने या परक्यांना गिऱ्हाईकं मात्र हौसेने मिळवून दिली. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि ऐकणारे रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली. गाण्याचं दुखणं असं बरं झालं. बातमीचं झालं नाही.

जळगावला आकाशवाणी केंद्र आलं ते 1976 मध्ये, ऐन आणीबाणीत. खानदेशला घरचा आवाज मिळाला, पण त्याला बोलायची मोकळीक नसलेल्या काळात. म्हणून बातमीसाठी लंडनच लावावं लागे, आणि रात्री शॉर्ट वेव्हवर ते शोधणं म्हणजे कसरतच. काटा केसभर हलला की मध्येच चिनी किंवा अरबी बोलणं घुसायचं, आवाज लाटेसारखा चढायचा, उतरायचा, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य खरखरीत बुडायचं. तरी लोक कान लावून बसत. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधी गेल्याचं बीबीसीने आधी सांगितलं. आकाशवाणीने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.

बीबीसी हिंदीचं शॉर्ट वेव्ह प्रसारण 31 जानेवारी 2020 ला थांबलं. 2025 मध्ये अमेरिकेने ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चीही मुस्कटदाबी केली. परक्या सरकारांच्या पैशावर आपण किती विसंबायचं, हा प्रश्न रास्त आहे, आणि ‘मोबाईल आहे की’ हे त्याचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मोबाईलवर हजार जण बोलतात, पण चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सांगायला त्यातले किती जण बांधलेले आहेत? आणि रेडिओपुरतं बोलायचं तर आजही खासगी एफएमला स्वतःची बातमी द्यायला बंदी आहे. जळगावच्या खासगी केंद्राने दिवसभर गाणी, जाहिराती, थट्टामस्करी खुशाल वाजवावी. बातमी द्यायचीच असेल तर ती आकाशवाणीची, तीही जशीच्या तशी.