दुखण्याचा साक्षीदार

दिवाळीच्या फराळासमोर पाठीच्या दुखण्याची कथा घेऊन बसलो, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण आमच्या घरात सध्या दुसरा विषयच नाही.

आमचे दादा राहुरीजवळच्या शेतात तीस-पस्तीस वर्षे उसात राबले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेतून पायात कळ उतरू लागली. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली आहे असे निघाले, आणि ऑपरेशन झाले. वर्षभर दादा सुखात होते. मग ती कळ पुन्हा आली. आता डॉक्टर म्हणतात, हवे तर दुसऱ्यांदा करून पाहू. मी शाळामास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा, तेव्हा मला सगळे कळते अशा समजुतीने दादांनी विचारले, "तू वाचणारा माणूस. तूच सांग, पुन्हा कापू द्यावं का?"

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी वाचले, जाणत्यांना विचारले. फाटलेली गादी नसेवर दाबते व त्याने पाय दुखतो, हे मिक्स्टर आणि बार या दोघा अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले; तेव्हापासून ही शस्त्रक्रिया रूढ झाली. पण तीच गादी पुन्हा सरकू शकते. जुन्या जखमेचा वण नसेला चिकटून बसतो, दुसऱ्या वेळी हत्यार चालविणे अवघड होते आणि गुण येण्याची आशाही सहसा पहिल्याहून कमी असते. लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातले बळ झपाट्याने जाऊ लागले, तर मात्र विचार करीत बसायचे नाही. तडक दवाखाना गाठायचा. दादांचे तसे नाही. त्यांचे केवळ दुखते.

'केवळ' हा शब्द लिहिला आणि माझी मलाच शरम वाटली.

पाठ न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या मणक्यांची एमआरआयने काढलेली चित्रे अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. चित्रात दोष आणि माणूस खुशाल! उलट, चित्रात फारसे काही नाही आणि माणूस रात्रभर तळमळतो आहे, असेही घडते. तेव्हा दुखणाऱ्याच्या शब्दाखेरीज दुखण्याला साक्षीदार तो कोणता? पहिल्या ऑपरेशनाच्या वेळी दादांच्या शब्दावर सर्वांचा विश्वास होता. या खेपेस शेजारीपाजारी, आणि खरे सांगायचे तर मीसुद्धा, मनात म्हणू लागलो होतो: ऊस तोडणीला आला की दादांची कंबर बरी दुखते!

एक नातलग येऊन म्हणाले, "बाबा आमट्यांकडं बघा." बाबांना कण्याच्या विकाराने बसता येत नसे, उभे राहावे, नाही तर आडवे व्हावे. १९८५-८६ मध्ये कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' यात्रा त्यांनी गाडीत पडून केली. थोरच माणूस. पण बाबांनी ते सोसणे आपण होऊन पत्करले होते. दादांना सोसण्याची आज्ञा इतरजण देत होते, तीही त्यांच्या खाटेशेजारी खुर्चीत ऐसपैस बसून. केनेडींनी १९४४ ते १९५७ या काळात पाठीवर चार शस्त्रक्रिया करून घेतल्या. १९५४ च्या वेळी तर ते मरणाच्या दारातून परतले, तरी पुन्हा टेबलावर गेले. त्यांना कोणी दुबळा म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

परवा रात्री मी दादांपाशी बसलो. वाचले ते सगळे सांगितले, हातचे काही राखले नाही. मग म्हणालो, "करा म्हणत नाही, नका करू असंही म्हणत नाही. पण तुमचं दुखणं खरं आहे, दादा. मध्यंतरी मला तसं वाटत नव्हतं."

दादा बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिले.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "तोडणी उरकू दे. तोवर गोळ्या अन् तो व्यायाम. मग बघू. आता ती उशी जरा गुडघ्याखाली सरकव."

मी उशी सरकवली. ते म्हणाले, "अजून थोडी."