बोलणी मानभावाची

वाटणीच्या बैठकीत थोरला म्हणतो, ‘मला काही नको रे, तुम्हीच काय ते ठरवा.’ विहिरीजवळचा तुकडा मात्र त्याने आधीच आपल्या नावावर करून घेतलेला असतो. या वागण्याला मराठीत नेमका शब्द आहे: मानभावीपणा. दांभिक माणूस सोवळेपणाचा आव आणतो, मानभावी माणूस निरागसपणाचा. त्याला काही ठाऊक नसते, काही हवेही नसते. म्हणून त्याच्यावर चिडावे, तर चिडणाराच वाईट ठरतो.

शब्द चपखल आहे, पण त्याचे मूळ मला टोचते. ‘मानभाव’ हे ‘महानुभाव’चेच बोलीतले रूप. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी उभा केलेला हा पंथ. त्याने मराठीला धर्मभाषेचा मान दिला, बायकांना संन्यासाची वाट मोकळी केली. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ आणि महदाइसेचे ‘धवळे’ हे मराठीचे आरंभीचे धन याच पंथाचे. आणि त्याच्याच नावावरून मराठीने लबाडीला नाव द्यावे!

काळी वस्त्रे नेसणारे, पंचकृष्णांखेरीज इतर देवदेवतांची पूजा न करणारे हे भिक्षू गावगाड्याला परके वाटले असणार. त्यात त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना त्यांत काय आहे ते कळत नव्हते. जे वाचता येत नाही, त्यात काळेबेरे असणार, हा समज फार लवकर घट्ट होतो.

पण एक म्हण या समजाविरुद्ध साक्ष देते: ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’. (यात कसाबावरही अन्याय आहेच; तो पोटासाठी आपला धंदा करतो.) ही म्हण नीट ऐकली, तर तिच्यातला मानभाव लबाड नाही. त्याचे बोलणे खरोखरच मृदू आहे. अहिंसा हे या पंथाचे कडक व्रत. तेव्हा त्याच्या भिक्षूची वाणी लोकांना ओळखीची असणार. लबाड आहे तो दुसराच, ती वाणी उसनी घेऊन सुरी चालवणारा. म्हणजे ज्याची नक्कल झाली, त्याच्याच माथी नकलेचा दोष आला.

भाषेतून शब्द हुकूम काढून जात नाहीत, हे मी जाणतो. अग्रलेखांत पुढारी ‘मानभावीपणे’ बोलतच राहतील. पण त्या थोरल्या भावासाठी ‘साळसूद’ हा शब्दही आपल्याकडे आहे, तितकाच धारदार, आणि मी तोच वापरतो.