हळदीचे दृष्ट आणि अदृष्ट

हळद जंतुनाशक आहे हे पूर्वजांना ठाऊक होते आणि म्हणूनच त्यांनी ती लग्नविधीत, देवपूजेत आणि सणावारांत गुंफली, हे समर्थन मराठी समाजात इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. त्यामागे श्रद्धा आणि विज्ञान यांचा मेळ घालण्याची प्रामाणिक इच्छा असते, हे मान्य करावेच लागते. परंतु त्यात दोन निराळ्या प्रश्नांची गल्लत होते आणि तिची झळ वैद्यकालाही लागते, धर्मालाही लागते. हळद शरीरावर काय परिणाम करते, हा एक प्रश्न आहे. हळद लावल्याने माणूस किंवा प्रसंग ‘मंगल’ कसा होतो, हा दुसरा. भारतीय दर्शनांनी हे प्रश्न वेगळे ठेवण्यासाठी अत्यंत सूक्ष्म साधने घडवली होती, आणि हळदीसारख्या रोजच्या वापरातल्या पदार्थाचा विचार करताना ती आजही उपयोगी पडतात.

वेदवाक्यांचा अर्थ लावून कर्माचे स्वरूप ठरवणारे दर्शन म्हणजे पूर्वमीमांसा. या दर्शनाने प्रत्येक कर्माचे प्रयोजन दोन प्रकारांत विभागले: ज्याचे फळ डोळ्यांनी दिसते ते ‘दृष्टार्थ’ आणि ज्याचे फळ दिसत नाही, केवळ शास्त्राच्या आज्ञेवरून मानावे लागते, ते ‘अदृष्टार्थ’. यज्ञासाठी भात कांडला म्हणजे तूस निघते, हे दृष्ट. त्याच भातावर मंत्रपूर्वक पाणी शिंपडले असता दाण्यात काही फरक दिसत नाही, म्हणून त्या प्रोक्षणाचे फळ अदृष्ट. दृष्ट फळ मिळत असेल तर उगाच अदृष्टाची कल्पना करू नये, असा या दर्शनाचा दंडक आहे. पण मीमांसक तेथे थांबत नाहीत. तूस नखांनी सोलूनही काढता येते; तरीही ते कांडूनच काढावे असा नियम आहे, आणि तुसाच्या निघण्याने त्या नियमाचा उलगडा होत नाही. म्हणून कांडण्याचे फळ दृष्ट असले तरी ‘कांडूनच’ या निर्बंधाचे फळ अदृष्ट मानावे लागते. एकाच कृतीत दोन स्तर असू शकतात आणि एका स्तराच्या स्पष्टीकरणाने दुसरा संपत नाही, हे या विवेचनाचे मर्म आहे.

आयुर्वेदानेही हा भेद आपल्या परीने जपला. चरकसंहितेत हरिद्रा म्हणजे हळद ही लेखनीय (साचलेला मेद-कफ खरवडून काढणाऱ्या), कुष्ठघ्न (त्वचारोग हटवणाऱ्या) आणि विषघ्न द्रव्यांच्या गणांत येते. तिची चव कडू-तिखट आणि वीर्य (शरीरात प्रकटणारी शक्ती) उष्ण मानले आहे. त्याच ग्रंथात उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत: मंत्र, मंगलकर्मे, होम, उपवास यांवर आधारलेला ‘दैवव्यपाश्रय’, आहार आणि औषध यांची विचारपूर्वक योजना करणारा ‘युक्तिव्यपाश्रय’ आणि मनाला अहितकर विषयांपासून आवरणारा ‘सत्त्वावजय’. म्हणजे वैद्याने मंगलकर्म नाकारले नाही, पण उपचारांच्या वर्गीकरणात ते औषधयोजनेपासून वेगळे ठेवले.

दृष्टाच्या क्षेत्रात मग दृष्टाचेच नियम लागू व्हायला हवेत. हळदीला पिवळा रंग देणारे कुर्कुमिन हे द्रव्य १८१५ मध्ये वेगळे काढण्यात आले आणि त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये निश्चित झाली. हळदीच्या भुकटीत ते वजनाच्या साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते. परीक्षानळीत ते दाह कमी करताना दिसते, पण पोटात गेल्यावर रक्तात फारच थोडे उतरते. मिऱ्यातल्या पिपरिनमुळे माणसात त्याचे शोषण वीस पटींनी वाढल्याचे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले. फोडणीतल्या तेलात हळद पडते आणि मसाल्यात मिरे असते, तेव्हा स्वयंपाकघर नकळत हेच साधते. तथापि २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका विस्तृत आढाव्याचा निष्कर्ष असा होता की, १२० हून अधिक चाचण्या होऊनही रुग्ण आणि वैद्य दोघांनाही औषध कोणते हे न कळू देता केलेली एकही काटेकोर चाचणी कुर्कुमिनच्या बाबतीत यशस्वी ठरलेली नाही. या निष्कर्षावर वाद घालता येतो; पण त्याला उत्तर द्यायचे तर अधिक चांगली चाचणी करूनच देता येते, ‘हळद पवित्र आहे’ असे म्हणून नव्हे. हळदीच्या अर्काच्या तीव्र गोळ्या घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, आणि पावित्र्याच्या आडोशाने ती झाकली जात असेल तर ते अधर्माचेच काम म्हणावे लागेल. आमटीत, लोणच्यात, मीठ-हळद लावून ठेवलेल्या मासळीत किंवा कोकण-गोव्यात हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्यांत हळदीला असे कोणतेही दावे करावे लागत नाहीत.

हळदीच्या एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, गाजलेला वाद या दृष्टीने बोलका आहे. हळदीच्या भुकटीने जखम भरून आणण्याच्या उपयोगावर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत एकस्व देण्यात आले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तिचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर असताना, त्याला आव्हान दिले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द झाले. परिषदेने सादर केलेल्या ३२ संदर्भांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथांतील नोंदी होत्या, तसेच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. हा उपयोग नवा नाही हे सिद्ध झाले ते जखमेवरच्या हळदीची नोंद कोणीतरी लिहून ठेवली होती म्हणून. लग्नातल्या हळदीचा तेथे पुरावा म्हणून काही उपयोग नव्हता, आणि नसावाच.

आता लग्नातली हळद. आश्वलायन गृह्यसूत्र विवाहाच्या आरंभीच सांगते की प्रदेशाप्रदेशांचे आणि गावागावांचे आचार नाना प्रकारचे असतात आणि विवाहात ते पाळावेत. महाराष्ट्रातला हळदीचा सोहळा हा अशाच लोकाचाराचा भाग आहे. सुवासिनी आंब्याच्या पानांनी वराला हळद लावतात आणि त्यातून उरलेली ‘उष्टी हळद’ वाजतगाजत वधूच्या घरी जाते. त्वचेची निगा हेच प्रयोजन असते तर ताजी, स्वतंत्र वाटलेली हळदच वधूला लावली गेली असती; एकाच्या अंगाला लावून उरलेले दुसऱ्याच्या अंगाला लावणे आरोग्याच्या कोणत्याही नियमात बसत नाही. त्या उष्टेपणातच विधीचा अर्थ आहे: मंगलाष्टकांपूर्वीच दोन देहांमधले परकेपण मोडले जाते. जंतुनाशाचा युक्तिवाद विधीतला हा सर्वांत सुंदर भागच नेमका गमावून बसतो. हळदीने अंग उजळते हे तूस निघण्यासारखे दृष्ट फळ आहे. हळदच हवी, उष्टीच हवी, हा निर्बंध मात्र निराळ्या स्तरावरचा आहे.

जेजुरीच्या खंडोबाचा भंडारा, म्हणजे देवाला वाहून भक्तांवर उधळली जाणारी हळदीची पूड, याहून पुढचा प्रश्न उभा करतो. भंडाऱ्याने वाघ्या-मुरळीला दीक्षा मिळते, सोमवती अमावस्येला कऱ्हेकडे निघालेली पालखी त्यात न्हाऊन निघते आणि गडाच्या पायऱ्या पिवळ्या होतात. मग भंडाऱ्याच्या नावाने मक्याचे किंवा इतर पीठ रंगवून विकले तर देवाला ते पोहोचते काय? भाव महत्त्वाचा, पदार्थ गौण, असे उत्तर पटकन सुचते. मीमांसेने ‘प्रतिनिधी’ म्हणजे पर्यायी द्रव्य या नावाने याचा खोल विचार केला आहे. विहित धान्य मिळाले नाही तर व्रीहीऐवजी नीवार, म्हणजे देवभात, चालतो, कारण मूळ धान्याचे पुष्कळ अवयव त्यात असतात. शिवाय प्रतिनिधी घ्यायचा तो अडचणीत, नफ्यासाठी नव्हे. केवळ रंगाचे साम्य हे अवयवांचे साम्य नव्हे. म्हणून रंगवलेले पीठ भंडाऱ्याचा प्रतिनिधीसुद्धा ठरत नाही, आणि त्यातल्या रासायनिक रंगाने भक्ताच्या डोळ्यांना व त्वचेला अपाय झाला तर दृष्ट आणि अदृष्ट दोन्ही अर्थांनी तो दोषच असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वर्ध्याच्या वायगावच्या हळदीला त्याआधी भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या राज्यात अशी हळद पिकते तेथे भंडारा भेसळीचा असणे अधिकच खेदाचे आहे.

सर्वांत अवघड प्रश्न हळदीकुंकवाचा आहे. चैत्रात आणि संक्रांतीला सुवासिनी एकमेकींना हळदकुंकू लावतात, वाण देतात, आणि विधवा स्त्रीला या वर्तुळाबाहेर ठेवण्याची रीत पिढ्यानपिढ्या चालत आली. हळद गुणकारी आहे म्हणून ती लावायची असेल, तर नवरा गेल्याने स्त्रीच्या त्वचेवरचा हळदीचा गुण बदलत नाही. दृष्टाच्या बाजूने या वगळण्याला कोणताही आधार नाही. अदृष्टाच्या बाजूने पाहिले तर तो फक्त लोकाचार उरतो. आचाराच्या प्रामाण्याबद्दल शबरस्वामींनी जैमिनीच्या मीमांसासूत्रांवरील भाष्यात स्पष्ट भूमिका घेतली आहे: एखाद्या आचारामागे लोभासारखे लौकिक कारण उघड दिसत असेल तर त्याला वेदाचा आधार कल्पू नये. त्यांचे उदाहरण होमातले वस्त्र स्वतःसाठी घेणाऱ्या ऋत्विजाचे, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहिताचे आहे. विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे आणि तिला हळदीपासून दूर ठेवणे यांमागे तिच्या देहावर, वावरावर आणि वाट्यावर ताबा ठेवण्याचा हेतू इतका उघड आहे की या निकषावर तो आचार एक क्षणही टिकत नाही. तो मोडण्यासाठी परंपरेबाहेर जावे लागत नाही, ही गोष्ट फार थोड्या वेळा सांगितली जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. ठरावाने बांगड्या फोडणारा हात थांबवता येतो. दारात आलेल्या विधवेला हळदीचे बोट लावायला घरातली सुवासिनी पुढे होते की नाही, हे मात्र त्या घरानेच ठरवायचे असते. तेथे त्या सुवासिनीला कोणतेही शास्त्र अडवत नाही.