एक फाटा मोडला तर काय झाले?

मनीप्लांट विकत आणला तर घरात पैसा येत नाही, तो कोणाच्या तरी कुंडीतून गुपचूप तोडून आणावा लागतो, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. बोलणारे हसत बोलतात आणि ऐकणारेही हसतात. माझ्या व्हरांड्यातला मनीप्लांट असाच, एका नातेवाइकाच्या जिन्यावरून आलेला आहे. त्या वेलाने घरात पैसा आणल्याचे मला तरी आठवत नाही! पण त्याबद्दल माझे मन मला खात नाही. विचारले असते तर त्या नातेवाइकाने स्वतः कात्री आणून हवा तेवढा वेल कापून दिला असता. 'कॅथलिक धर्मशिक्षण' (१९९२) हा ग्रंथ सातव्या आज्ञेविषयी बोलताना, मालकाच्या रास्त इच्छेविरुद्ध त्याची वस्तू घेणे म्हणजे चोरी असे सांगतो, आणि जिथे मालकाची संमती गृहीत धरता येते तिथे ती चोरी नव्हे, असेही लगेच स्पष्ट करतो (क्र. २४०८).

माझे मन खाते ते दुसऱ्या एका झाडासाठी.

आम्ही बागकामाची आवड असलेल्या बारा-तेरा जणी आहोत. सोबत दोन सोशिक नवरे असतात, ते पिशव्या उचलतात. आम्ही एकमेकींना रोपे देतो, खताच्या पाककृती सांगतो, पावसाळा लागला की गाडी ठरवून नर्सऱ्या पाहत हिंडतो. त्यांपैकी एक नर्सरी अगदी लहान आहे. हमरस्त्यालगत चार-पाच गुंठे भाड्याची जागा, वर हिरवी शेडनेट, एक बोअरिंग, आणि काम करणारी माणसे दोनच, नवरा-बायको. या ताईंना झाडांचे जेवढे कळते तेवढे आमच्या सगळ्या ग्रुपला मिळून कळत नाही. कोणत्या झाडाचा फाटा लागतो, कोणाला गुटी बांधावी लागते, कोणाचा डोळा भरायचा, हे त्या न कंटाळता सांगतात, आणि आम्ही ते फुकट ऐकून घेऊन रोपामागे वीस रुपये कमी करायला लावतो. (मॉलमधल्या चिनीमातीच्या कुंडीवर मात्र आम्ही कधी घासाघीस केलेली नाही.)

चार पावसाळ्यांपूर्वी तिथे मी बुटक्या जातीचा, गच्च पाकळ्यांचा अनंत पाहिला. विकाऊ रोप एकही शिल्लक नव्हते, फक्त कोपऱ्यात जुने आईझाड होते. ताई पलीकडे पैसे मोजत होत्या. मी नखाने दोन फाटे मोडले, ओल्या रुमालात गुंडाळले आणि पर्समध्ये टाकले. हे सगळे दहा सेकंदांत झाले. हात थरथरला नाही, एवढेच नव्हे तर गाडीत बसल्यावर मी शेजारणीला रुमाल उघडून दाखवला आणि दोघी शाळकरी मुलींसारख्या हसलो. मी सत्तावीस वर्षे शाळेत शिकवले आहे. मुलांच्या दप्तरांतून दुसऱ्यांची खोडरबरे काढून परत केलेली आहेत.

दोनपैकी एक फाटा जगला. तिसऱ्या वर्षी तो फुलला, आणि मे महिन्यात त्याची पांढरी फुले मी रोझरीच्या वेळी मरियामातेच्या वेदीवर ठेवली. सगळ्यांनी सुगंधाचे कौतुक केले. त्याचे फाटे मी सात घरी वाटले, तेही मोठ्या उदार मनाने.

फाटा मोडण्यात वाईट ते काय, असे बागवाल्या माणसाला मनापासून वाटते. झाड तर जागेवरच राहते. उलट शेंडा खुडला की दोन नवे फुटवे येतात. पैशाच्या पाकिटासारखी ही वस्तू नाही, की एकाकडून गेली म्हणजे गेलीच. हा युक्तिवाद मीही स्वतःशी केला होता. त्यातली खोट मला ताईंनीच नकळत दाखवली.

मागच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा कोपऱ्यातली आईझाडे दिसेनात. एकीने विचारले. ताई म्हणाल्या, "मागे अंगणात नेऊन ठेवलीत. एक पांढऱ्या पट्ट्यांचं झाड होतं माझं, त्याची हवी ती फांदी कोणीतरी खुडून नेली." मग त्यांनी सांगितले ते असे. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांत हरितद्रव्य कमी, म्हणून ती फांदी हळू वाढते. मध्येच एखादा फुटवा साधा हिरवा निघतो, तो जोर धरतो आणि पट्टे मागे पडतात. म्हणून हिरवे फुटवे काढत काढत, चांगल्या पट्ट्यांची एकच फांदी त्यांनी तीन वर्षे सांभाळली होती. बियांपासून तसेच झाड येईल याची खात्री नसते, फाट्यापासून मात्र हुबेहूब तेच येते. त्या फांदीचे पावसाळ्यात दहा-बारा तुकडे लावायचे, त्यांतले सहा-सात जगले की पुढच्या वर्षी विकायचे, असा त्यांचा हिशेब होता. रांगेतली रोपे हा त्यांचा माल होता आणि आईझाड हे भांडवल. आमच्यासारख्या लोकांनी नेमके भांडवलाला नख लावले होते.

"अरेरे!" आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो. त्या सुरात माझाही आवाज होता. पट्ट्यांची फांदी मी नेली नव्हती, पण माझ्या अंगणातला अनंत तेव्हा कळ्यांनी भरलेला होता.

"तुम्ही कोणाला विचारलं नाहीत का?" कोणीतरी म्हणाले. ताई हसल्या. "कोणाला विचारू? तुम्ही सगळ्या एकत्र येता. एकीला बोलले तर सगळ्या यायच्या बंद होतील. वर्षाचं निम्मं गिऱ्हाईक तुमच्यासारखंच आहे."

मोठ्या दुकानात कॅमेरा असतो, दारात रखवालदार असतो, नुकसान सोसायला गल्ला असतो. लहान विक्रेत्याजवळ यांतले काही नाही. तो आपल्या ओळखीच्या भरवशावर धंदा करतो, आणि त्याच ओळखीमुळे त्याला तोंडही उघडता येत नाही. आम्ही स्वतःला मोठ्या प्रेमाने 'झाडवाल्यांचे कुटुंब' म्हणवतो. त्या कुटुंबात ताईंना बोलायची सोय नव्हती, एवढे मात्र त्या दिवशी मला कळले.

चोरणारी माणसे झाडांवर प्रेम करणारीच असतात, हेही विचित्र आहे. २०१४च्या जानेवारीत लंडनच्या क्यू गार्डन्समधून जगातल्या सर्वांत लहान जातीच्या कमळाचे एक रोप चोरीला गेले. इवलेसे पान असलेले ते कमळ रुआंडातल्या एका उष्ण झऱ्याकाठी सापडले होते, आणि चोरी झाली तेव्हा त्या मूळ जागी ते उरलेले नव्हते. रस्त्याने जाणाऱ्या भुरट्या चोराला ते ओळखूही आले नसते. त्याची किंमत जाणणारे डोळेच तिथे पोहोचणार.

पवित्र शास्त्रात राजा अहाबाची गोष्ट आहे (१ राजे, अध्याय २१). नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर त्याचा डोळा होता तो कशासाठी? राजवाड्याला लागून भाजीचा मळा करायचा होता म्हणून! एवढ्या मोठ्या राजाला वाफे हवे होते. मिळेना तेव्हा तो अंथरुणावर तोंड फिरवून पडला, जेवेना. एखादे रोप मिळाले नाही म्हणून आमच्यातही रुसणाऱ्या आहेत. अर्थात पुढे नाबोथाचा जीव गेला, तितके आमचे गेलेले नाही.

आणि एक नियम अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायाच्या शेवटी आहे, तो मी पूर्वी अनेकदा वाचूनही मला कधी दिसला नव्हता. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर पोटभर द्राक्षे खा, पण भांड्यात भरून नेऊ नकोस. उभ्या पिकातली कणसे हाताने खुड, पण विळा चालवू नकोस. किती सूक्ष्म विचार केलेला आहे! वाटसरूची भूक आणि शेतकऱ्याचे वर्षाचे पीक यांच्यामध्ये एका टोपलीची रेषा आखलेली आहे. माझा ओला रुमाल ही टोपलीच होती. नर्सरीत जमिनीवर पडलेल्या पानांचे काय, असे एकीने मला विचारले, कारण पानफुटीसारख्या झाडांचे एक पानसुद्धा पुरते. सरवा वेचण्याचा हक्क लेवीय ग्रंथात आहे, पण तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी. रूथ विधवा होती आणि परदेशीही. आम्ही भाड्याच्या गाडीतून उतरतो. तरीही ताईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "घ्या की, मी तशीही झाडूनच टाकते." विचारायला एवढेच लागते.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेल्या पेअरच्या चोरीवर कितीतरी पाने लिहिली आहेत. घरी त्याहून चांगली फळे असताना त्यांनी मित्रांबरोबर ती चोरली आणि डुकरांपुढे टाकली. एकटा असतो तर हे केले नसते, असे ते कबूल करतात. तरुणपणी मला वाटे, एवढ्याशा फळांसाठी हा महापुरुष इतका का झुरतो? आता गाडीतले आमचे हसणे आठवते. शेजारीण हसली नसती तर तो फाटा मी कदाचित रस्त्यातच टाकून दिला असता.

प्रायश्चित्तकाळात मी पापनिवेदनाला गेले आणि "लहानसहान चोरी केली" असे घाईने म्हणाले. फादरांनी विचारले, "कोणाची?" सांगावे लागले. मग त्यांनी विचारले, "ते झाड आता कुठे आहे?" मी म्हटले, फादर, त्याची किंमत मी संत अंतोनींच्या पेटीत टाकते. फादर म्हणाले, "पैसे संत अंतोनींचे घेतले होते का?" मला हसू आले आणि लगेच रडूही आले. चोरलेली वस्तू मालकाला परत करावी हे धर्मशिक्षणाच्या ग्रंथात जक्कयाचा दाखला देऊन सांगितलेले आहे (क्र. २४१२), आणि मी ते मुलांना शिकवलेही होते. मालक हयात असताना, त्याचे दुकान माहीत असताना, पैसे दानपेटीत टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म करणे होय. वेदीवरची फुलेही तशीच होती.

पण परत करायचे किती? जुने नीतिशास्त्री म्हणत, आपली नाही हे जाणून ठेवून घेतलेल्या वस्तूबरोबर तिला आपोआप आलेली फळेही मालकाचीच. माझ्या अनंताला चार वर्षांची फळे आली होती, सात घरी. ती घरे निर्दोष आहेत. त्यांच्या दारात जाऊन झाडे उपटणे मला जमणार नव्हते. शेवटी मी माझ्या झाडापासून केलेली दोन भरलेली रोपे आणि आठ रोपांची किंमत घेऊन एका मंगळवारी, ग्रुपशिवाय, एकटी गेले. सगळे सांगितले.

ताईंनी पैसे घेतले. 'राहू द्या हो' असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला ते बरे वाटले. रोपांची पिशवी उलटी करून त्यांनी मुळे पाहिली. "रेती जास्त झालीय, टीचर," म्हणाल्या. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "अनंताचे फाटे गेले ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पण मला वाटलं, ती कापडी पिशवीवाली मुलगी."

मला ती आठवली. आमच्या ग्रुपमध्ये नव्यानेच आलेली, आपल्याच धर्मग्रामातली, चाळीत राहणारी, दोन घरची कामे करून वेळ काढणारी. बाकीच्यांकडे पर्स होत्या, तिच्याकडे कापडी पिशवी. पुढच्या खेपेला ताई तिच्या मागे मागे फिरल्या होत्या, रोप उचलले की बघत होत्या. त्यानंतर ती आली नाही. कामामुळे जमत नसेल, असे आम्ही आपसांत म्हणालो होतो.

रोपे परत करता येतात, पैसे मोजून देता येतात. हे कसे मोजायचे? हा लेख मी दोन महिने संपादकांना दिला नाही, कारण तो तिच्या हाती पडण्याआधी मला तिच्या दारात जायला हवे होते आणि माझे पाय निघत नव्हते. गेल्या बुधवारी गेले. तिने आत बोलावले. गॅलरीत दोरीवर कपडे वाळत होते, कुंडी एकही नव्हती. मी बोलत असताना ती मुलाच्या शर्टाची घडी घालत राहिली.

"मला कळलं होतं त्या बघतायत ते," ती म्हणाली. "त्यांना सांगितलंत का, मी नव्हते म्हणून?"

"हो. नावानिशी सांगितलं."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.