बरं वाटतंय, तरीही

दिंडोशीच्या चढावर पहाटे फिरायला निघालेलं एखादं माणूस मध्येच थांबतं. छाती आवळल्यासारखी होते. थोडं टेकलं, की बरं वाटतं. हा अंजायना, म्हणजे हृदयाचं दुखणं. त्यावर डॉक्टर रोजची गोळी देतात.

मग काही महिने दुखत नाही. बरं वाटतंय, म्हणून गोळी सुटते. अहो, बरं वाटतंय ते त्या गोळीमुळेच! जे आपल्याला मुकाट्याने सांभाळतं, त्याचाच विसर आपल्याला आधी पडतो. हृदयाची काही औषधं एकदम सोडली, तर दुखणं उसळतं, झटकाही येऊ शकतो. म्हणून बरं वाटतंय, तरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल, तर ती घेताना आधी खाली बसा. तिने रक्तदाब उतरतो, उभ्या माणसाला भोवळ येते. लैंगिक शक्तीसाठी कुठली गोळी घेत असाल, तर तेही न लाजता डॉक्टरांना सांगा; दोन्ही मिळून रक्तदाब फार उतरू शकतो. इथे संकोच जिवावर बेतू शकतो. आणि जिभेखालची गोळी घेऊनही पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही, तर वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन लावा.